बा गावचा निरोप

मराठीत निरोप या शब्दाला दोन अर्थ आहेत. कुणी निघाले की आपण त्याला निरोप देतो. आणि तो ज्या गावाला चालला तिथे आपले कुणी असेल, तर त्याच्यापाशी निरोपही देतो: पोरीचे जमले म्हणा, अब्बांची तब्येत बरी आहे म्हणा. उर्दूत रुखसत वेगळी आणि पैगाम वेगळा. मराठीने दोन्ही एकाच शब्दात बांधून ठेवले. आमच्या हिवरखेडात, म्हणजे अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, लोक वागतातही तसेच. एस.टी.च्या खिडकीपाशी उभा राहून माणूस एका दमात सलाम करतो, अकोल्याच्या खालाला खुशाली सांगायला सांगतो आणि वापस केव्हा येणार तेही विचारून घेतो. निघणाऱ्याने ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. ‘जातो’ म्हटले तर शेजारीसुद्धा टोकतात.

आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक. जानेवारी २०१४ ते डिसेंबर २०१६ अशी तीन शालेय वर्षे आम्ही प्रशांत महासागरातल्या फिजी देशात शिकवले. एकाने गणित, एकीने उर्दू आणि दीनियात. परत आल्यापासून लोक विचारतात: नोकरी मिळाली कशी, पगार किती, व्हिसाला किती दिवस लागतात? ती माहिती सांगणारे पुष्कळ आहेत. परत कसे निघालात, हे मात्र कुणी विचारत नाही. आम्हाला त्याचेच लिहावेसे वाटते, कारण त्या तीन वर्षांत आम्ही सर्वांत जास्त कशाविषयी शिकलो असू तर निघण्याविषयी.

हिवरखेड सोडताना काही अवघड गेले नव्हते. तेव्हा गावाच्या स्टेशनवर मीटरगेजची गाडी येत असे. खंडव्याकडून सातपुडा उतरून, धुळघाटला स्वतःच्याच रुळांना वळसा घालून ती खाली यायची आणि अकोल्याला जायची. स्टेशनवर अम्मी होती, मोहल्ल्यातले लोक होते, आणि पानमळेवाली काकू विड्याच्या पानांची जुडी ओल्या फडक्यात बांधून घेऊन आली होती. “पोराइले चांगलं शिकवजा, अन् वापस येजा बरं, नाही तं तिकडचेच होसान,” एवढे बोलून ती गाडी सुटायच्या आधीच परत फिरली, तिचे मजूर मळ्यात थांबले होते. पाने मुंबईच्या विमानतळापर्यंत टिकली. तीन वर्षांचा करार, मग परत. हिशेब सरळ होता.

आम्ही ज्या गावात राहिलो त्याचे नाव बा. वऱ्हाडात माय आणि बा म्हणजे आई-बाप, त्यामुळे अम्मीला फोनवर गावाचे नाव सांगितले तेव्हा तिला ती थट्टाच वाटली. फिजियन भाषेत ब हे अक्षर म्ब असे उच्चारतात, म्हणून मूळ रहिवासी त्याला म्बा म्हणतात. व्हिती लेव्हू या मोठ्या बेटाच्या उत्तर-पश्चिमेला, नदीकाठी वसलेले, उसाचे गाव. कारखान्याला ऊस नेणारी अरुंद रुळांची छोटी आगगाडी शेतांतून आणि रस्त्यांवरून जाते. गाळपाच्या दिवसांत ती आडवी आली की मोटारी थांबतात. मीटरगेजच्या गावातून आलेल्या माणसांना त्या गाडीची शिटी ऐकून काय वाटत असेल, ते वाचकांवर सोडतो.

तिथल्या पहिल्याच दिवशी किब्ला विचारला. फिजी मक्केपासून इतके दूर, अर्धी पृथ्वी ओलांडून पलीकडे, म्हणून दिशा काही निराळी असेल असे वाटत होते. पण किब्ला तिथेही पश्चिमेलाच, किंचित उत्तरेकडे झुकलेला, जवळजवळ हिवरखेडसारखाच. रमजान मात्र निराळा. जूनमध्ये तिथे हिवाळा असतो, रोजा बारा तासांच्या आसपास सुटतो. इथे अम्मीचा त्याच दिवसांत पंधरा तासांच्या घरात जायचा. तिथे इफ्तार होई तेव्हा इथे अजून दुपारही झालेली नसे. “तुमचं काय, सोपं आहे,” असे ती दरवर्षी म्हणायची.

भाषेने तर पहिल्याच आठवड्यात घरच्यासारखे करून टाकले. फिजीतले हिंदुस्थानी वंशाचे लोक जी हिंदी बोलतात ती अवधी-भोजपुरीतून घडलेली आहे, आणि बापाच्या आईला तिच्यात आजी म्हणतात. मराठीसारखेच. आजोबांना आजा. शाळेत कुणी ‘हमार आजी बीमार है’ म्हटले की आमच्या मराठी कानाला गंमत वाटे. अळूच्या पानांना पीठ लावून, गुंडाळी करून, उकडून तळतात त्याला ते सैना म्हणतात. आपली अळुवडीच ती. शेजारणीने पहिल्यांदा ताट भरून पाठवली तेव्हा आम्ही दोघे काही वेळ नुसते ताटाकडे पाहत राहिलो.

हे लोक तिथे कसे पोहोचले ते थोडक्यात सांगायला हवे. इंग्रजांना उसाच्या मळ्यांवर मजूर हवे होते. १४ मे १८७९ रोजी लिओनिडास हे जहाज कलकत्त्याहून मजुरांची पहिली तुकडी घेऊन फिजीला लागले. वाटेत जहाजावर पटकी आणि देवीची साथ होती, म्हणून लोकांना आधी एका लहान बेटावर वेगळे ठेवले गेले. पुढे १९१६ पर्यंत ६०,००० हून अधिक माणसे अशी नेली गेली, आधी कलकत्त्याहून आणि नंतर मद्रासहूनही. करार पाच वर्षांचा. ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचे गिरमिट झाले आणि माणसे गिरमिटिया झाली. हिंदू होते, मुसलमान होते. आज फिजीत मुसलमान सुमारे सहा टक्के आहेत. १९२६ मध्ये स्थापन झालेली फिजी मुस्लिम लीग मशिदींसोबत शाळाही चालवते. या शाळांत मुसलमानांची मुले असतात, हिंदूंची असतात आणि मूळ फिजियन, म्हणजे इतौकेई मुलेही असतात. इतौकेई मुलगे शाळेत सुलू नेसून येतात, खिसे असलेली शिवलेली लुंगी म्हणा ना. एका बाकावर सुलू, पँट आणि हिजाब, आणि तिघांचे भागाकार सारखेच अडलेले.

गिरमिटियांच्या कहाण्या तिथे घरोघर आहेत. मळ्यावरच्या माराच्या आहेत, एका खोलीत किती जण राहत त्याच्या आहेत. आमच्या मनात राहिली ती मात्र दुसरीच गोष्ट. यांतल्या पुष्कळांना कुणी निरोप दिलाच नव्हता. अरकाटी, म्हणजे मजूर गोळा करणारे दलाल, जत्रेत, स्टेशनवर, तीर्थाच्या ठिकाणी माणूस गाठत. काम आहे, मजुरी चांगली आहे, असे सांगून डेपोत नेत. फिजी कुठे आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हते. घरी वाट पाहणाऱ्यांना माणूस गेला कुठे ते कळले नाही. दोन्ही अर्थांनी निरोप नाही, ना दिलेला, ना पाठवलेला.

आणि आज त्याच देशात निघणे थांबत नाही. १९८७ मध्ये दोनदा, मग २००० आणि २००६ मध्ये सत्ता उलथली. हिंदुस्थानी वंशाचे एक लाखाहून अधिक लोक १९८७ नंतर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका असे पांगले. त्यात जमिनीचा प्रश्न. देशातली बहुतेक जमीन इतौकेई कुळांच्या मालकीची आहे, ती विकता येत नाही, पट्ट्याने मिळते. १९७६ च्या कायद्याने दिलेले तीस वर्षांचे बरेच पट्टे १९९७ पासून संपत गेले, आणि तीन-तीन पिढ्या ऊस लावलेली घरे रिकामी झाली. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे ऐकून वाईट वाटेल, आम्हालाही वाटले. पण आपली जमीन परत मागणाऱ्याचीही बाजू असते, आणि तिथल्या दोन्ही समाजांतले जाणते लोक ती एकमेकांना ऐकवतात, हेही आम्ही पाहिले.

मुलांच्या बाजूने पाहिले तर याचा अर्थ इतकाच होतो की मोठी माणसे जातात. मामा ब्रिस्बेनला गेले, फुफी ऑकलंडला, शेजारचे घर बंद, विज्ञानाच्या मॅडम सुट्टीनंतर आल्याच नाहीत. नववीच्या एका वर्गात आम्ही निबंध दिला होता, विषय ‘माझे घर’. निम्म्याहून अधिक मुलांनी घरातल्या त्या खोलीबद्दल लिहिले जिच्यात आता कुणी राहत नाही.

२० फेब्रुवारी २०१६ ला विन्स्टन आले. दक्षिण गोलार्धात नोंदल्या गेलेल्या सर्वांत जोरदार चक्रीवादळांपैकी ते एक होते. शनिवार होता. संध्याकाळनंतर वारा असा झाला की शेजारच्याचे बोलणेही ऐकू येईना. आम्ही न्हाणीघरात बसलो, कारण तिथेच भिंती जवळ-जवळ आणि छत छोटे. आयतुल कुर्सी किती वेळा म्हटली याची मोजणी नाही. सकाळी पाहिले तर डोंगरांवर हिरवे पान उरले नव्हते, जणू कुणी सातपुड्याला वैशाखात नेऊन ठेवले. देशभरात ४४ माणसे गेली. आमच्या वर्गांचे पत्रे उसात जाऊन पडले होते. पुढचे कित्येक आठवडे तंबूत शिकवले, फळा झाडाला टेकवून. दुपारी तंबूत इतके उकडे की मुले वह्यांनी वारा घेत आणि तिकडे प्रमेय तसेच चालू.

त्या तंबूतल्या मुलांशी आमचे जे जुळले ते आधीच्या दोन वर्षांत जुळले नव्हते. आणि त्याच वर्षी करार संपत होता. वाढवून मिळत होता, शाळेने तसे विचारलेही. इकडे अम्मी एकटी होती. तिचा एक गुडघा गेला होता आणि विहिरीवर जाणे शेजारच्या मुलीवर आले होते. ती फोनवर कधी ‘या’ म्हणाली नाही. “तिथल्या लेकरांचं बघा,” हेच म्हणायची. आईच्या तोंडून असे आले की त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे प्रत्येक मुलाला समजते. ऑगस्टमध्ये एका जुम्याच्या दिवशी, इस्तिखारा करून, आम्ही ठरवले: डिसेंबरात परत.

आता प्रश्न होता, मुलांना केव्हा सांगायचे. काही सहकारी म्हणाले, सांगूच नका, वर्ष संपले की मुले सुट्टीत जातात, जानेवारीत नवा शिक्षक दिसला की दोन दिवसांत विसरतात. सोपे होते, आणि बहुतेक जण तसेच करीत आले होते. पण अरकाट्याने नेलेल्या माणसांच्या पणतवंडांपुढून न सांगता नाहीसे होणे आम्हाला दोघांनाही जमण्यासारखे नव्हते. ऑक्टोबरात, शेवटच्या सत्राच्या मध्यावर, नववीला सांगितले. करार संपतो आहे, आई म्हातारी आहे, डिसेंबरात जाणार. वर्गात कुणी रडले नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, समीकरणांचा धडा त्याआधी होईल का? आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी, हुशार, कमी बोलणारी, मान वर न करता म्हणाली, “सर, तुम लोग भी?”

सगळे त्या ‘भी’मध्ये होते.

पुढे दोन महिने मिळाले, आणि ते मिळाले हे बरे झाले. ज्याला रागवायचे होते तो रागावला, ज्याला राग सोडायचा होता त्याला सोडायला वेळ मिळाला. समीकरणे झाली. उर्दूच्या तासाला मुलींनी पत्र कसे लिहावे याचा धडा पुन्हा मागितला: पत्ता कुठे, तारीख कुठे, सलाम कुठे. पत्र कुणाला लिहायचे हे कुणी बोलले नाही. वर्षाअखेरीला हिवरखेडचा पिनकोड सगळ्या वर्गाला पाठ होता.

इतौकेई लोकांत निघण्याची एक रीत आहे. पाहुणा गावात आला की मुखियापुढे भेट ठेवून आत येण्याची परवानगी मागतो, त्याला सेव्हूसेव्हू म्हणतात. जाताना पुन्हा भेट ठेवून निघण्याची परवानगी मागतो, त्याला तताऊ म्हणतात. परवानगीशिवाय निघालेला माणूस निघाला असे धरत नाहीत, तो पळाला असे धरतात. उर्दूत आपणही म्हणतोच, ‘इजाजत दीजिए’, पण म्हणता म्हणता उठून उभे राहिलेलो असतो. तिथे खरोखर बसावे लागते आणि वाट पाहावी लागते. भेट म्हणून द्यायची ती यंगोनाच्या मुळ्यांची जुडी. ही मुळी कुटून पाण्यात कालवतात आणि नारळाच्या करवंटीतून पितात. तिने अंग सैल पडते. फिजीतले पुष्कळ मुसलमान ती पितात, काही उलेमा तिला मना करतात. आम्ही पीत नव्हतो. पालकांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांना हे ठाऊक होते. त्यांनी आधीच निरोप पाठवला की शिक्षकांच्या वतीने जुडी त्यांचा इतौकेई सहकारी ठेवील, आणि शिक्षकांच्या करवंटीत शहाळ्याचे पाणी असेल. आमच्या दीनची अशी काळजी एका चर्चला जाणाऱ्या माणसाने घेतली.

ती जुडी चटईवर ठेवली गेली तेव्हा पानमळेवाल्या काकूची फडक्यातली जुडी आठवली. आठवण्याला कारणही आहे. आमच्या भागातले विड्याचे पान, पानपिंपरी आणि फिजीची यंगोना, तिन्ही मिरीच्या कुळातल्या. एक वेल पान देते, एक पिंपरी देते, आणि समुद्रापलीकडे त्यांची बहीण मुळी देते. तिन्ही माणसाच्या आगतस्वागतात आणि पाठवणीत पुढे असतात.

गृहस्थ बराच वेळ त्यांच्या भाषेत बोलले. सहकाऱ्याने आम्हाला हळू आवाजात सांगितले ते असे: तुमचे येणे आम्ही स्वीकारले होते, तुमचे काम आम्ही पाहिले, आता वाट मोकळी आहे. मग तीन टाळ्या वाजल्या. मुलांनी फुलांच्या माळा घातल्या, गालांना पावडर फासली, आणि ‘ईसा लेई’ हे निरोपाचे गाणे म्हटले. आपल्या कानाला ईसा म्हटले की हजरत ईसा अलैहिस्सलाम आठवतात. त्यांच्या भाषेत ईसा हा उसासा आहे, अरेरे म्हणावे तसा, फक्त त्यात ओढ जास्त. ते लोक जन्मतःच तीन-चार सुरांत गातात की काय कोण जाणे. तंबूत फळा धरून उभा राहणारा धिप्पाड मुलगा सर्वांत खालच्या सुरात गात होता आणि आमच्याकडे पाहत नव्हता.

मशिदीतला निरोप लहान होता. जुम्यानंतर इमामसाहेबांनी सुन्नतप्रमाणे दुवा केली, ज्यात निघणाऱ्याचा दीन, त्याची अमानत आणि त्याच्या कामांचा शेवट अल्लाहच्या हवाली करतात. मग लोकांनी गळाभेट घेत ‘कहा-सुना माफ’ म्हटले. स्त्रियांच्या बाजूला ही माफी पाऊण तास चालली, कारण तिथे प्रत्येक माफीबरोबर एक डबाही दिला जात होता. लिंबाचे लोणचे विमानात नेता येत नाही हे कुणीच ऐकून घेतले नाही.

शेवटचा निरोप एका नानींचा. वय ऐंशीच्या आसपास, शाळेतल्या दोन मुलांची पणजी. बोलावणे आले म्हणून गेलो. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक झेरॉक्स काढली. त्यांच्या आजाचा गिरमिटचा पास. सुव्हाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हे पास जपलेले आहेत आणि कुटुंबांना नक्कल मिळते. पासवर नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, ठाणे आणि गाव. जिल्हा बस्ती. फिजीला गेलेल्यांत सर्वाधिक माणसे ज्या जिल्ह्यांतून गेली त्यांत हा पुढे. गावाचे नाव कुणा कारकुनाने कानाला लागेल तसे इंग्रजीत लिहिलेले. नानींना वाचता येत नव्हते, पण कुठल्या ओळीत गाव आहे ते त्या बोटाने दाखवत होत्या.

आम्ही समजावून सांगितले की बस्ती आमच्या गावापासून फार लांब आहे, मुलूख वेगळा, बोली वेगळी. नानींनी ऐकून घेतले. सारा हिंदुस्थान त्यांना फिजीएवढाच वाटत असावा, किंवा तसे नसेलही. मग म्हणाल्या, “मिले तो बोल देना, हम लोग ठीक है.”

शंभराहून अधिक वर्षे थांबलेला निरोप, आणि मजकूर एवढाच.

विमानतळ नादीला आहे. उच्चार नांदी. बरोबर आलेल्या मुलांना आम्ही सांगितले की मराठी नाटकाच्या सुरुवातीला जी होते तिला नांदी म्हणतात. कुणाला हसू आले नाही. फिजीत निघणाऱ्याला ‘मोदे’ म्हणतात. झोपायला जाताना आणि देश सोडताना हाच एक शब्द. त्या पहिल्या बाकावरच्या मुलीने तो म्हटला नाही, सलाम केला, आणि आमच्या हातात तिची गणिताची भरलेली वही दिली. तपासायची राहिली होती. विमानात तपासली. दोन उदाहरणे चुकली होती.

हिवरखेडला आलो तेव्हा अम्मी ओसरीवर बसून होती. उठली नाही, गुडघा उठू देईना. “आले?” एवढे म्हणाली, आणि स्वयंपाकघराकडे बोट केले. झाकून ठेवले होते ते खिचडी आणि कढी होते.

नानींचा निरोप पोहोचवायला वेळ लागला. जुन्या बस्ती जिल्ह्याचे आता तीन झाले आहेत: १९८८ मध्ये सिद्धार्थनगर वेगळा निघाला, १९९७ मध्ये संत कबीर नगर. पासवरचे ठाणे धरून, कारकुनाच्या स्पेलिंगशी जुळेल अशा नावाची तीन गावे सापडली. तिन्ही ग्रामपंचायतींना आणि तिन्ही ठिकाणच्या मशिदींना हिंदी आणि उर्दूत पत्रे लिहिली. पाच पत्रांचे उत्तर आले नाही. सहाव्याचे आले, एका मशिदीच्या इमामांचे, पोस्टकार्डावर. लिहिले होते की त्या नावाचे घर गावात कुणाला आठवत नाही. पण निरोप अमानत आहे, म्हणून जुम्याच्या नमाजनंतर उभे राहून जाहीर केले की फिजीहून या गावच्या एका नातीने सलाम पाठवला आहे आणि तिकडे सगळे ठीक आहेत. लोकांनी ‘व अलैकुम अस्सलाम’ म्हटले आणि दुवा केली.

ते गाव नानींचेच होते की नाही, अल्लाह जाणे. आम्ही फोनवर सारे वाचून दाखवले. पलीकडे नातवाने फोन नानींच्या कानाशी धरला होता. बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग नानींनी विचारले, “केतना आदमी रहा मस्जिद में?” पत्रात आकडा नव्हता. जुमा होता, म्हणजे मशीद भरलेलीच असणार, असे सांगितले. त्यांनी ते घरातल्यांना मोठ्याने परत सांगितले.

आता अम्मी नाही. हिवरखेडला मीटरगेजही नाही. नोव्हेंबर २०२२ पासून अकोला ते अकोट ब्रॉडगेजवर गाडी धावते, आणि पुढचा मार्ग मेळघाटचे जंगल टाळून, हिवरखेडवरून, नव्याने आखला गेला. त्या मार्गाची वाट गाव पाहते आहे. काकूचा पानमळा आहे, तिच्या सुनेच्या हाती.

आणि ती वहीवाली मुलगी शिक्षिका झाली. बापासच्या एका शाळेत, गणितच शिकवते. गेल्या वर्षी तिचा संदेश आला: ऑकलंडला नोकरी मिळते आहे, तिथे आई-बाप आधीच गेले आहेत, जानेवारीत निघायचे आहे, वर्गाला काय सांगू? आम्ही दोघांनी उत्तर लिहायला दोन दिवस घेतले आणि शेवटी चारच ओळी लिहिल्या. ऑक्टोबरात सांग. कारण खरे सांग. धडा पुरा कर. कुणी काही निरोप दिला तर तो लिहून घे.

डिसेंबरात तिने कळवले की सांगून झाले. एक मुलगा आठवडाभर तिच्याशी बोलत नव्हता. काल त्याने वही तपासायला आणून ठेवली, टेबलावर, ती खोलीत नसताना.